पातं परक्याचं, मग तलवार कुणाची?

२९ एप्रिल २०२५ रोजी लंडनच्या सदबीजच्या लिलावात महाराष्ट्र सरकारने नागपूरकर रघोजी भोसल्यांची तलवार ४७ लाख १५ हजार रुपयांना घेतली. ऑगस्टमध्ये ती मुंबईला पोचली. तेव्हापासून एक मत सतत कानावर पडतं आहे. इथे सुरतेतल्या मराठी घरांत पडतं, मंडळांच्या बैठकांत पडतं, आणि ते मांडणारी माणसं शिकलेली, वाचणारी असतात. म्हणूनच त्याचा राग येतो. मत असं की पातं युरोपात घडलेलं आहे, मग या तलवारीत मराठी काय आहे?

हे मत त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडतो. तलवार म्हणजे पातं. कापायचं काम पातं करतं, बाकी सगळी सजावट. ते पातं जर्मनीतून, स्पेनमधून, इटलीतून आलं, कारण आपल्या लोहारांना तसं घडवता येत नव्हतं. येत असतं तर सात समुद्रांपलीकडून कशाला आणवलं असतं? म्हणजे मराठ्यांच्या ज्या शस्त्रांचे आपण पोवाडे गातो, ती शस्त्रं उसनी. एवढंच नव्हे, तर कोल्हापूरच्या महाराजांनी १८७५-७६ च्या दौऱ्यात प्रिन्स ऑफ वेल्सला दिलेली आणि आज ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात असलेली, शिवाजी महाराजांची मानली जाणारी जगदंबा तलवारसुद्धा युरोपीय पात्याचीच. तेव्हा भावना बाजूला ठेवा, सत्य स्वीकारा आणि जनतेचा पैसा अशा वस्तूंवर घालवू नका.

यात खरी गोष्ट एकच आहे, पात्याची जन्मभूमी. तिच्यावरून काढलेला प्रत्येक निष्कर्ष चुकीचा आहे.

आधी रघोजींच्याच तलवारीकडे जाऊ. पातं सरळ, एका बाजूला धार. पाठीवर मुठीजवळ सोन्यात देवनागरी अक्षरं बसवलेली आहेत: ‘श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेब सुभा फिरंग’. सेनासाहेब सुभा हा शाहू छत्रपतींनी दिलेला किताब. फिरंग म्हणजे युरोपीय पात्याची तलवार. हा माणूस १७४० च्या दशकात बंगालवर चालून गेला. १७५१ च्या तहाने अलीवर्दी खानाकडून ओडिशा घेतला आणि वर्षाला १२ लाखांची चौथ ठरवून घेतली. त्याला हवी ती तलवार मिळाली असती. त्याने ही निवडली आणि आपलं नाव, आपला किताब यांच्या ओळीत ‘फिरंग’ हा शब्द सोन्यात घालून घेतला. पातं कुठलं हे लपवायचं असतं, तर कोणी ते सोन्यात लिहून घेईल का? ज्याला आज आपण उघडकीला आणलेलं गुपित समजतो, ते मालकाने पावणेतीनशे वर्षांपूर्वी तलवारीवरच जाहीर केलं होतं. मालकाला ज्याची लाज नव्हती, त्याची लाज त्याच्या वतीने आपण का बाळगायची?

आता ‘तलवार म्हणजे पातं’ हे विधान. हे विधान करणाऱ्याने सुटं पातं कधी हातात धरलेलं नसावं. युरोपातून येणारी पाती बहुतेक सुटीच येत, विक्रीचा माल म्हणून. त्या अवस्थेत ती लोखंडाची एक लांब पट्टी असते. तिला तोल नसतो, पकड नसते आणि घोड्यावरच्या माणसाला तिचा काडीचा उपयोग नसतो. तिची तलवार इथे होत असे. पात्याचा मुठीकडचा भाग दोन्ही बाजूंनी पोलादी जिभांमध्ये धरून रिव्हेट ठोकले जात. बोथट बाजूने, मुठीपासून काही अंतरापर्यंत, एक जादा पट्टी जडवली जाई, म्हणजे जोराचा वार अडवताना लांबलचक पातं मुळाशी वाकू नये. बोटं झाकणारी रुंद परज, हाताला आत मऊ लागावी म्हणून कापडाची गादी, आणि मुठीच्या टोकाला पुढे आलेला गज. हा गज शोभेसाठी नाही. दुसऱ्या हाताने तो धरला की तीच एकहाती तलवार दोन हातांनी चालवता येते. युरोपातल्या ज्या गावात ते पातं घडलं, तिथल्या माणसाने ते या रूपात पाहिलं असतं तर त्याला ते ओळखायला वेळ लागला असता.

रघोजींच्या तलवारीची मूठ मुल्हेरी घाटाची आहे, तिच्यावर सोन्याची कोफ्तगिरी, म्हणजे पोलादावर बसवलेलं सोन्याचं काम आहे. मुल्हेर हे बागलाणातलं, सुरतेहून दख्खनेत चढणाऱ्या जुन्या वाटेवरचं ठिकाण. १६७० च्या ऑक्टोबरात सुरत दुसऱ्यांदा लुटून शिवाजी महाराज याच बागलाणातून परतले आणि पुढे दिंडोरीजवळ मुघल सरदार दाऊदखानाशी लढाई झाली. बंदरात पातं, वाटेवर मूठ घडवणारे हात आणि वर देशावर तलवार चालवणारी घराणी, असा तो सगळा मुलूख एका धाग्यात ओवलेला होता. त्यातलं फक्त पहिलं टोक उचलायचं आणि उरलेलं ‘सजावट’ म्हणून टाकून द्यायचं, याला सत्य स्वीकारणं म्हणत नाहीत.

तिसरा मुद्दा, आपल्या लोहारांना तसं पातं घडवता येत नव्हतं हा, सर्वांत जुना आहे, आणि तो आपला नाहीच. तो एडवर्ड टेरी या इंग्रज पाद्र्याचा आहे. टेरी १६१६ मध्ये सुवालीला उतरला आणि इंग्रज राजदूत सर टॉमस रो याचा पाद्री म्हणून जहांगिराच्या छावणीत राहिला. सुवालीचा किनारा सुरतेजवळच्या इच्छापोरहून हजीऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यापासून फार दूर नाही. इंग्रजांची जहाजं तिथेच नांगर टाकत. १६१२ च्या नोव्हेंबरात इंग्रज कप्तान बेस्टने पोर्तुगीजांशी झुंज दिली तीही तिथेच. टेरीने लिहून ठेवलं की इथल्या तलवारी धारदार असतात, पण पाणी देण्याचं कसब कमी असल्याने त्या वाकण्याऐवजी तुटतात. आमची पाती वाकून पुन्हा सरळ होतात, म्हणून ती इथे चढ्या भावाने विकली जातात. ईस्ट इंडिया कंपनीच्या सुरुवातीच्या सुरतेच्या पत्रव्यवहारातही तलवारीची पाती हा विक्रीचा आणि नजराण्याचा माल म्हणून येतो. म्हणजे हे मत एका विक्रेत्या कंपनीच्या माणसाचं, आपल्या मालाबद्दलचं. चारशे वर्षांनी आपण ते आपला निष्पक्ष निष्कर्ष म्हणून पुन्हा सांगतो आहोत.

टेरीने जे पाहिलं ते अगदीच खोटं नव्हतं, एवढं मान्य करतो. पण त्याला जी कसबाची कमतरता वाटली, तो धातूचा स्वभाव होता. दख्खनी मुशीतलं पोलाद, ज्याला जग वूट्झ म्हणतं, त्यात कार्बन भरपूर. त्यातून घडलेलं वाकडं, आखूड पातं धार अशी धरतं की जगात तोड नाही, पण तीच गोष्ट दोन हात लांबीच्या सरळ, लवचीक पात्यात करायला गेलात तर ते वाराच्या झटक्याला दगा देऊ शकतं. घोडेस्वाराला लांब पल्ला हवा होता, म्हणून त्याने लांब लवचीक पातं विकत घेतलं. बाजारात उत्तम मिळतं ते घेणारा सरदार अडाणी ठरतो की जाणकार? आणि तेव्हाच निर्मळजवळच्या कोनासमुद्रमसारख्या गावांतलं पोलाद उलट दिशेने इराणला जात होतं. १८२० च्या दशकात तिथे गेलेल्या हेन्री व्हॉयसी या इंग्रज भूगर्भशास्त्रज्ञाला पोलाद खरेदीसाठी इस्फहानहून आलेला व्यापारी भेटला होता. इराणातल्या नामांकित तलवारी या पोलादाच्या आहेत. मग इस्फहानच्या असदुल्ला या नामांकित लोहाराची सही असलेली तलवार उद्यापासून तेलंगणाची म्हणायची का? तसं कोणी म्हणत नाही. हा नियम फक्त मराठ्यांना लावला जातो, आणि लावणारे आपणच असतो.

आशियात जिथे बघाल तिथे हेच आहे. जपानी तलवारीइतकं शुद्ध, अस्सल देशी शस्त्र दुसरं नाही असं आपल्याकडे मानलं जातं. जपानचा शोगुन तोकुगावा इएयासू याच्या पदरी एचिझेन यासुत्सुगु नावाचा लोहार होता. १६२१ मध्ये तो वारला. कामावर खूश होऊन इएयासूने त्याला आपल्या घराण्याचं मानचिन्ह पात्यावर कोरायची मुभा दिली. हा यासुत्सुगु जहाजांवरून येणारं परदेशी लोखंड वापरायचा, आणि पात्याच्या मुठीत लपणाऱ्या भागावर तसं स्वतः कोरून ठेवायचा. रघोजींनी सोन्यात लिहिलं, त्याने छिन्नीने लिहिलं. जपान्यांनी त्या तलवारींना परकं ठरवलं नाही. त्यांनी त्या जपून ठेवल्या, त्यांच्यावर ग्रंथ लिहिले. कॉकेशसमध्ये युरोपीय पाती आणि युरोपीय खुणांच्या नकला डोंगरी लोकांच्या शाश्का तलवारींत बसल्या. सहाराच्या तुआरेगांच्या ताकोबा तलवारींतही जुनी युरोपीय पाती सापडतात. नेपाळचा कामी, म्हणजे तिथला लोहार, आज ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यांपासून खुकरी घडवतो. आपला घिसाडी रस्त्याकडेला पाल ठोकून बसतो, भाता चालवतो आणि तशाच जुन्या पाट्याचा तुकडा लाल करून कोयता काढतो. तो पाटा ज्या ट्रकचा, तो ट्रक कुठल्या कारखान्यातला, हे विचारून कोणी ऊसतोड कामगाराचा कोयता परका ठरवतं का?

इच्छापोरात राहून तर हे मत मांडायला जीभच रेटू नये. इथे हिरे बाजार आहे. सुरतेच्या घंटीवर, म्हणजे पैलू पाडायच्या चाकावर, बसणाऱ्या कच्च्या हिऱ्यांपैकी जवळपास सगळा माल आफ्रिकेतून, रशियातून येतो. पैलू पाडणारा हात इथला, म्हणून तो हिरा सुरतचा. हे इथल्या लहान पोरालाही कळतं. आणि याच रस्त्याने पुढे हजीऱ्याला गेलात की लार्सन अँड टुब्रोचा कारखाना लागतो, जिथे के-९ वज्र तोफा तयार होतात. मूळ आराखडा दक्षिण कोरियाच्या हानव्हा कंपनीचा. २०१७ च्या करारातल्या १०० तोफा २०२१ पर्यंत सैन्याला मिळाल्या, काही लडाखच्या थंडीत नेऊन उभ्या केल्या गेल्या, आणि डिसेंबर २०२४ मध्ये आणखी तोफांसाठी ७,६२८ कोटींचा करार झाला. त्या तोफेवर तिरंगा लावून आपण छाती पुढे काढतो, आणि ती काढावीच. मग आपल्या हातांनी जोडलेल्या, आपल्या माणसांनी लढाईत चालवलेल्या फिरंगीसमोर मान खाली का घालायची? परदेशी आराखड्याची तोफ आपली आणि परदेशी पात्याची तलवार परकी, हा न्याय कुठला?

या मताला एक जुळा भाऊ आहे, आणि तोही तितकाच घातक आहे. तो म्हणतो, शिवाजी महाराजांची तलवार परदेशी पात्याची असूच शकत नाही, ही बदनामी आहे. हे दोघे एकमेकांच्या अंगावर धावून जातात, पण दोघांचा समज एकच आहे: शस्त्राचा मान पात्याच्या जन्मगावावर ठरतो. कोकणातल्या सावंतांकडून महाराजांनी तीनशे होन देऊन फिरंग घेतल्याची हकीकत सांगितली जाते. ती ऐकताना आपल्या आजोबा-पणजोबांना अपमान वाटला नाही. देवीचं नाव मिळालेलं शस्त्र पोर्तुगीज व्यापाऱ्याच्या जहाजावरून आलेलं असू शकतं, यात त्यांना विसंगती दिसली नाही. ती आपल्याला का दिसते? शिवाय यांनी एका गोष्टीचं उत्तर द्यावं. १९ फेब्रुवारी २०२४ ला दांडपट्टा हे महाराष्ट्राचं राज्यशस्त्र म्हणून जाहीर झालं. जुन्या पट्ट्यांपैकी कितीतरी पट्ट्यांची पाती युरोपीय आहेत. कोपरापर्यंत हात झाकणारी ती पोलादी मूठ, आतला आडवा दांडा, मनगट न वळवता खांद्यातून पातं फिरवण्याची ती पद्धत, हे जगात कुठे नाही. हे सगळं सोडून पात्यावरचा शिक्का बघायचा असेल, तर राज्यशस्त्र मागे घ्यायचं का?

शस्त्र चालवणारा हात या चर्चेत कुणी आणतच नाही. ६ जानेवारी १६६४ रोजी महाराज सुरतेत शिरले, तेव्हा त्यांचा तळ बुऱ्हाणपूर दरवाजाबाहेर होता. किल्ल्यात लपलेल्या, सुरतेचा मुघल अधिकारी असलेल्या इनायतखानाने बोलणी करायला म्हणून एक तरुण वकील पाठवला. बोलता बोलता त्याने लपवलेली कट्यार काढली आणि महाराजांवर झेप घेतली. शेजारी उभ्या असलेल्या अंगरक्षकाने एका वारात त्याचा हात तोडला. इंग्रजांच्या पत्रांत ही हकीकत आली आहे. बसलेला माणूस, समोर चालून आलेला मारेकरी, मध्ये फक्त हाताचं अंतर आणि वेळ पापणी लवण्याइतका. तेवढ्या जागेत लांब पातं फिरवून नेमका हात उडवायचा आणि धन्याला ओरखडाही येऊ द्यायचा नाही, हे कसब कुठल्या परदेशी कारखान्यातून गाठोड्यात बांधून आलं होतं? ते गावागावांतल्या तालमीत आलं, पहाटेच्या फेऱ्यांतून आलं. शस्त्रविद्या त्या अंगरक्षकाच्या खांद्यात होती. तिचा उल्लेख न करता शस्त्राचा हिशेब मांडणारा माणूस अर्धाच हिशेब मांडतो.

‘आपलं काय आहे त्यात’ हा प्रश्न निरुपद्रवी नाही. त्याचा शेवट काय होतो ते तंजावरात दिसलं आहे. तिथल्या भोसल्यांचं राज्य १८५५ मध्ये खालसा झालं. त्यांच्या शस्त्रागारात पिढ्यान्‌पिढ्यांची हत्यारं होती: कोरीव पोलादी मुठींच्या तलवारी, आणि तुटलेल्या युरोपीय पात्यांचे तुकडेही वाया न घालवता बसवलेल्या कट्यारी. १८६० च्या दशकात तो सगळा ढीग तिरुचिरापल्लीला नेला गेला. निवडक नमुने मद्रासच्या संग्रहालयासाठी बाजूला काढले आणि उरलेली शस्त्रं मोडून जुन्या लोखंडाच्या भावाने विकली. वॉलहाउस या इंग्रज अधिकाऱ्याने १८७८ मध्ये ‘इंडियन अँटिक्वेरी’त याबद्दल हळहळून लिहिलं. ज्यांनी ती मोडली त्यांच्या लेखी ते लोखंड होतं. त्यातल्या एका तुटक्या पात्यासाठी कुणा मराठी दरबारातल्या कारागिराने आठवडेच्या आठवडे नवी मूठ कोरली असेल, हे त्यांच्या हिशेबात नव्हतं. आज पात्याचा शिक्का बघून तोंड फिरवणाऱ्यांच्या हिशेबातही ते नाही.

आणि हे फक्त सरकारांच्या हातून होत नाही. खंडेनवमीला देवघरातली तलवार बाहेर निघते. चिंच आणि राखेने घासली जाते, हल्ली पॉलिश पेपर मारला जातो, काहीजण तर चकाकावी म्हणून निकेल चढवून आणतात. गंज जातो, आणि त्याबरोबर मुठीवरचं सोन्याचं काम जातं. मुठीपासून वितीच्या आत पात्यावर एखादा धावता लांडगा कोरलेला असतो, कधी पितळ भरलेला. कधी दातेरी चंद्रकोरींची जोडी असते, जी इटलीतून आली आणि इथल्या लोहारांनीही हुबेहूब उचलली. कधी पुसट लॅटिन अक्षरं असतात. घासणाऱ्याला तो मळ वाटतो. परदेशी खूण म्हणजे कमीपणा, हे मत इतकं मुरलं आहे की ती खूण गेल्याचं वाईटही वाटत नाही. ज्यांच्या घरी अशी तलवार आहे त्यांनी यंदा ती घासण्यापूर्वी उजेडात धरून खूण शोधावी, फोटो काढावा, आणि गोडं तेल लावून फडक्याने नुसती पुसून परत ठेवावी. पूजेला तेवढं पुरेसं आहे.

सरकारने ४७ लाख दिले याबद्दल मला काहीही आक्षेप नाही. आक्षेप आहे तो खरेदीनंतरच्या अर्ध्या कामाला. मिरवणूक काढून, हार घालून तलवार काचेत ठेवली की काम संपत नाही. खाली जी पाटी लागेल तिच्यावर तिघांचा हिशेब यायला हवा: पातं घडवणाऱ्याचा, मुल्हेरी मूठ चढवणाऱ्याचा आणि ती चालवणाऱ्या सेनासाहेब सुभ्याचा. सुवालीच्या किनाऱ्यावरही एक पाटी लागावी, की अशी पाती या वाळूवर उतरली आणि इथून वर जाऊन मराठा शस्त्रं झाली. काचेखालच्या त्या पाटीवर कोणी ‘युरोपीय तलवार’ एवढंच लिहील तर ते खोटं आहे. कोणी भीतीने पात्याचा उल्लेख गाळून ‘अस्सल देशी’ लिहील तर तेही खोटंच. रघोजींनी सोन्यात लिहून ठेवलं आहे तेच लिहा: रघोजी भोसले सेनासाहेब सुभा यांची फिरंग. मराठी तलवार.